अपरान्ताचे हत्ती

परवा रात्री जेवण उरकून बातम्या बघत बसलो होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. दोडामार्गकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप टाकला होता. "हत्ती खालच्या वाटेवर आहे. कोणी बाईक घेऊन येऊ नका." एवढंच. पुढे दोन-चार जणांनी अंगठे उमटवले, एकाने हात जोडले आणि गट झोपी गेला. बायकोने विचारलं, "कोणाचं काय?" म्हटलं, "हत्ती आलाय." "बरं," म्हणाली आणि दुधाला विरजण लावायला आत गेली.

मी मात्र बराच वेळ जागा होतो. कारण हत्ती पहिल्यांदा आले तेव्हाचा दिवस मला स्वच्छ आठवतो, आणि त्या दिवशी व त्याच्या पुढच्या आठवड्यात मी वर्गात दोन वेळा जे बोललो तेही आठवतं. दोन्ही वेळा मी चुकलो होतो. इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण इतिहास म्हणजे काय, हे मला त्या दोन चुकांनी जितकं शिकवलं तितकं बी.ए.च्या तीन वर्षांत शिकलो नसेन. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहून काढावं.

साल २००२. मी तेव्हा दोडामार्ग तालुक्यातल्या एका हायस्कुलात होतो. नववीचा तास होता. एक मुलगा उशिरा आला, पायात चिखल, दप्तर भिजलेलं. दारातूनच ओरडला, "सर, हत्ती इले!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. आमच्या मुलांनी हत्ती पाहिलेला तो चतुर्थीच्या मखरात, नाहीतर कधीतरी कोणा साधूबरोबर रस्त्याने भिक्षा मागत जाणारा, कपाळावर रंग काढलेला. पण पोरगा काही हसेना. म्हणाला, "खरंच सर. चिखलात पाय उठलेत. परातीएवढे."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. कर्नाटकातून घाट उतरून, मांगेलीच्या बाजूने रानहत्तींचा कळप सिंधुदुर्गात आला होता. जिवंत माणसांच्या आठवणीत असं कधी घडलेलं नव्हतं. गवा माहीत, बिबट्या माहीत, पट्टेरी वाघाच्या गोष्टी आजोबांनी सांगितलेल्या. पण हत्ती? आजोबांच्या गोष्टीतला हत्ती हा संस्थानिकांचा, झूल पांघरलेला.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, पूर्वी इथे हत्ती होते?" मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "छे! कोकणात कुठला हत्ती? हत्ती म्हैसूरकडचे, नाहीतर आसामचे. हे वाट चुकून आलेत, जातील परत." ही माझी पहिली चूक.

शिक्षकाला एक खोड असते. वर्गात ठामपणे काहीतरी सांगून टाकतो, आणि मग घरी आल्यावर मनात किडा वळवळत राहतो की आपण बोललो ते खरं होतं ना? त्या शनिवारी सावंतवाडीला गेलो आणि वाचनालयात कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं मराठी भाषांतर काढून बसलो. या ग्रंथाचीही एक गंमतच आहे. शेकडो वर्षं नुसतं नाव ऐकू येत होतं, ग्रंथ हरवलेला. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्रींच्या हाती त्याचं हस्तलिखित लागलं आणि १९०९ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी मौर्यकाळ म्हणतात, कोणी त्यानंतरची दोन-चार शतकं. पण दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे एवढं धरून चालू.

त्यात हत्तींवर एक जागा आहे. देशातल्या कुठल्या प्रदेशाचे हत्ती किती चांगले, याची प्रतवारीच लावली आहे. कलिंग आणि अंग देशांचे, पूर्वेकडचे हत्ती उत्तम. सौराष्ट्राचे हलके. आणि मध्यम प्रतीचे कुठले? दशार्णाचे आणि अपरान्ताचे.

अपरान्त! मी खुर्चीत सरळ बसलो. अपरान्त म्हणजे पश्चिमेचं टोक. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली पट्टी. ढोबळमानाने आपलं कोकणच. नेमकी हद्द ग्रंथागणिक मागेपुढे होते आणि काही जण अपरान्त म्हणजे मुख्यतः उत्तर कोकण, सोपाऱ्याकडचा मुलूख असं धरतात, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी हे बारकावे कोणाला हवे होते? कोकणात हत्ती होते, आणि तेही राजदरबारी प्रतवारी लागण्याइतके होते!

सोमवारी वर्गात गेलो तो विजयी वीरासारखा. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'अपरान्त' लिहिलं. आधी प्रामाणिकपणे माझी चूक कबूल केली. मग म्हणालो, "मुलांनो, हत्ती आलेले नाहीत. हत्ती परत आलेले आहेत. हे घर त्यांचं आहे. आपण पाहुणे आहोत." मुलं एकदम गप्प झाली. मला वाटलं, काय छान बोललो आपण!

ही माझी दुसरी चूक. ती कळायला फार वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी "हत्ती इले" म्हणत आलेला तो मुलगा वर्गात नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो.

घर म्हणजे चार खणांचं, नवं. नवं अशासाठी की ही मंडळी मूळची तिथली नव्हेत. तिलारीच्या धरणासाठी महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात १९९० साली करार झाला आणि त्यानंतर शिरंगे, पाट्ये, सरगवे अशी गावं उठली. जुनी घरं, जुनी कुळागरं, देवळं, सगळं पाण्याखाली. हे त्यांपैकीच एक कुटुंब. बापाने नव्या जागी आल्याआल्या पहिलं काम काय केलं, तर माड लावले. माडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. उन्हाळ्यात कावडीने पाणी घालून जगवलेले चाळीस माड, आणि त्यांना त्याच वर्षी पहिल्यांदा नारळ धरले होते.

त्यातले एकतीस आडवे झाले होते. हत्ती माडाचा नारळ खात नाही हो. तो सगळा माड कपाळाने रेटून पाडतो आणि शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा खातो. बाकी सगळं तसंच टाकून जातो. केळीच्या नुसत्या चिंध्या झाल्या होत्या. मुलगा कोयता घेऊन झावळ्या वेगळ्या करत होता. त्याची आई मांगराच्या ओट्यावर बसून पडलेले शहाळ्याएवढे नारळ एका पाटीत भरत होती. ते कशाच्याच उपयोगाचे नव्हते, पण ती भरत होती.

काय बोलावं सुचेना. आणि असं झालं की इतिहासाच्या मास्तराच्या तोंडून इतिहासच बाहेर पडतो. मी त्या बापाला अपरान्ताची गोष्ट सांगितली. का सांगितली, अजून कळत नाही. बहुधा मला वाटलं असावं की त्याने जरा धीर येईल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तरांनू, त्या येळार हत्ती होते, ता खरा आसात. पण त्या येळार माझो माड थंय नाय होतो मां?"

मग मी त्याला दुसरं कारण सांगायला गेलो. म्हटलं, तिकडे कर्नाटकात काळी नदीवर सुप्याचं धरण झालं, दांडेलीकडे खाणी झाल्या, रस्ते झाले, जंगल तुटलं, म्हणून हत्ती इकडे सरकले असं जाणकार सांगतात. तो म्हणाला, "म्हणजे हत्तीचा घर धरणान गेला. माजा पण धरणानच गेला. मी खंय कोणाचे माड मोडूक गेलंय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला कोरा चहा दिला, गुळाचा खडा दिला. मी घरी परत आलो ते मान खाली घालून. फळ्यावरचं 'अपरान्त' दुसऱ्या दिवशी मीच पुसलं.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. सोडवेनाच. निवृत्तीनंतर तर वेळच वेळ. वाचत गेलो, तसं एकेक लक्षात येत गेलं, आणि त्या बापाचं बोलणं इतिहासाला सोडून नव्हतं हेही लक्षात आलं.

पहिली गोष्ट. हत्ती एके काळी किती दूरवर पसरलेले होते याची आज आपल्याला कल्पनाच नाही. दोन हजार वर्षं मागे जायचीही गरज नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐने अकबरी'त रानहत्ती कुठे मिळतात त्या जागा दिल्या आहेत. त्यात हंडिया आहे, रायसेन आहे, पन्ना, रतनपूर, बस्तर आहे. म्हणजे नर्मदेच्या काठापासून थेट आजच्या छत्तीसगडपर्यंत. जहांगीर बादशहा १६१८ साली गुजरातेत दाहोदला हत्तींच्या शिकारीसाठी, म्हणजे हत्ती पकडण्यासाठी मुक्कामाला होता. त्याच साली दाहोदलाच औरंगजेबाचा जन्म झाला. औरंगजेबाचा आणि आपल्या महाराष्ट्राचा इतिहास आपण तोंडपाठ म्हणतो, पण तो जिथे जन्मला त्या रानात तेव्हा हत्ती होते हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मी शिकवलं नाही. दाहोद म्हणजे काही आसाम नव्हे, खानदेशातून वर गेलं की आलंच. चारशेच वर्षांची ही गोष्ट.

१८७१ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक निघालं. त्यातही बिलासपूरच्या बाजूचे रानहत्ती आहेत. पुढे तिथलेही नाहीसे झाले. शेवटचा हत्ती कोणी, कुठे पाहिला याची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. राजा मेला की तिथी असते, गड पडला की तिथी असते. पण एखाद्या खोऱ्यातून एखादा प्राणी कायमचा गेला, तर त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. एका पिढीला वाटतं, हल्ली दिसत नाहीत. दुसऱ्या पिढीला वाटतं, पूर्वी असत म्हणे. तिसरी पिढी वर्गात छातीठोकपणे सांगते, "छे! कोकणात कुठला हत्ती?"

दुसरी गोष्ट. इतका काळ ते टिकले कसे? याचं उत्तर मला थॉमस ट्राउटमन या अमेरिकन अभ्यासकाच्या २०१५ साली आलेल्या 'हत्ती आणि राजे' या अर्थाच्या पुस्तकातून मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. राजांना लढाईला हत्ती हवे असत. घोडा तबेल्यात वाढवता येतो, हत्ती वाढवणं परवडत नाही. हत्तिणीला बावीस महिने दिवस जातात, पिल्लू कामाला यायला वीस वर्षं लागतात, आणि तोवर रोजचा ढीगभर चारा राजाने घालायचा! त्यापेक्षा हत्ती रानातच वाढू द्यावा आणि वयात आला की पकडावा. म्हणजे राजाला हत्ती हवा असेल तर रान राखलंच पाहिजे.

अर्थशास्त्रात हे अगदी स्पष्ट दिसतं. राज्याच्या सीमेवर हत्तीवन राखावं, त्याला अधिकारी नेमावा, हत्ती मारणाऱ्याला देहदंड द्यावा, आणि आपसूक मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस द्यावं, असा नियम आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, तो वीस वर्षांचा असावा, पिल्लू, आजारी, गाभण किंवा दूध पाजणारी हत्तीण पकडू नये. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की वनातले राखणदार माग काढत हिंडत आणि प्रत्येक हत्तीची नोंद ठेवत. कळपातला कोण, एकटा फिरणारा कोण, कळपातून फुटलेला कोण, कळपाचा मुख्य कोण. आमच्या गटावर परवा जो निरोप आला, ते काम तेव्हा पगारी माणसं करत होती.

पण यात हत्तीवरची माया नव्हती, हे विसरून चालणार नाही. गरज होती. तोफा-बंदुका आल्या, लढाईतली हत्तीची गरज संपली, आणि मग राजाला हत्तीवनाचीही गरज उरली नाही. पुढे रेल्वेला लाकूड हवं झालं, शेतीला जमीन हवी झाली. हत्तीच्या मागे राजा उभा होता तोवर रान उभं होतं. राजा बाजूला झाला आणि रानाचा धनीच गेला.

स्वातंत्र्यानंतर कायदा त्याच्या मागे उभा राहिला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७७ साली हत्तीला त्याच्या पहिल्या अनुसूचीत म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात घेतलं, १९९२ साली हत्ती प्रकल्प सुरू झाला, २०१० साली हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून जाहीर केलं. या वेळी लढाईसाठी नाही, हत्ती हत्ती आहे म्हणून. ही गोष्ट मोठी आहे आणि मला तिचा अभिमानही वाटतो. पण कौटिल्याच्या व्यवस्थेत आणि आताच्या व्यवस्थेत एक फरक राहून गेला. त्याचं हत्तीवन राज्याच्या कडेला, वस्तीपासून लांब होतं. आता कडा कुठे राहिली आहे? हत्तीला कायद्याने अभय आहे, आणि तो उभा आहे तो कोणाच्या तरी केळीत.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच महत्त्वाची. 'परत आला' हा शब्द आपण फार सहज वापरतो. मीही वापरला. पण परत यायला ती जागा तर तीच हवी ना? मुंबईला गेलेला चाकरमानी तीस वर्षांनी गावी येतो तेव्हा त्यालाही कळतं की आपण आलो ते आपल्या गावात नव्हे. २००२ साली जे हत्ती उतरले ते काही अपरान्तातल्या हत्तीवनात उतरले नाहीत. ते उतरले धरणामुळे बारमाही पाणी असलेल्या खोऱ्यात. तिथे माड होते, पोफळी होत्या, केळी, काजू, फणस, अननस होते. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खाणं लागतं. रानात ते गोळा करायला त्याला मैलोन्‌मैल हिंडावं लागतं. इथे एका बागेत रात्रीत काम होतं. आणि वर काय, तर भातशेती पडीक पडत चाललेली, पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला कामाला गेलेली, निम्मी घरं बंद, रानाने कुंपणं ओलांडलेली. हत्तीला निवारा आणि जेवण एकाच ठिकाणी मिळालं. ही सोय दोन हजार वर्षांपूर्वीच्या अपरान्ताने केलेली नाही, ती आपण केली आहे.

म्हणजे "हे घर त्यांचं आहे, आपण पाहुणे" हे माझं वाक्य दिसायला उदार, पण खोटं होतं. आणि "हत्ती बाहेरचे, त्यांना हाकला" हेही तेवढंच खोटं. इतिहासाला 'आधी कोण होतं' एवढंच विचारलं तर तो कोणाचीही बाजू घ्यायला तयार असतो. मागे किती जायचं ते ठरवा, हवं ते उत्तर मिळेल. प्राण्यांच्या बाबतीतच नव्हे, माणसांच्या बाबतीतही. हे आपण रोज बघतोच आहोत. असो.

पुढे काय काय झालं ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलं आहे. हत्ती चंदगड-आजऱ्याकडे गेले, कुडाळकडे सरकले. डबे वाजवले, मशाली पेटवल्या, फटाके लावले, चर खणले. सुरुवातीला हत्ती घाबरले, मग ऐकून सोडून देऊ लागले. माणसं दगावली. हत्तीही मेले. २०१५ च्या फेब्रुवारीत कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणून. मी बघायला गेलो होतो. जाडजूड ओंडक्यांच्या कुंपणात ते उभे. आणि बाहेर गर्दी कोणाची? ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यामुळे रात्री जागून काढल्या, त्यांचीच. एक बाई पिशवीतून केळी घेऊन आली होती. मी विचारलं, "तुमचीही बाग गेली ना?" म्हणाली, "गेली तर. पण गणपतीच तो." हात जोडले, डोळे पुसले, केळी तिथल्या माणसाकडे दिली आणि गेली. मला वाटतं, आपल्या माणसांच्या मनात हत्तीविषयी काय आहे हे कुठल्याही अहवालापेक्षा त्या बाईने मला जास्त सांगितलं. ते तिघेही पुन्हा आमच्या रानात आले नाहीत.

२०२० साली तिलारीच्या खोऱ्यातलं सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण हत्ती काही सरकारी नकाशा बघून चालत नाही. तिकडे राज्याच्या दुसऱ्या टोकालाही हीच गोष्ट सुरू झाली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. अबुल फजलच्या यादीतलं बस्तर तिथून शेजारीच आहे. तिथल्याही एखाद्या शाळेत कोणी पोर धावत आलं असेल, आणि तिथल्या मास्तरांनीही काहीतरी ठामपणे सांगितलं असेल.

२०२५ साल आमच्याकडे कठीण गेलं. एप्रिलमध्ये तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीमुळे जीव गेला. सप्टेंबरमध्ये लोकांनी ओंकार असं नाव ठेवलेला तरुण टस्कर कळपातून फुटून गोव्यात पेडण्याकडे उतरला. त्याला पकडावं, कुठे न्यावं, की परत पाठवावं, यावर कोर्टापर्यंत वाद गेला. कळपातून फुटलेला हत्ती. कौटिल्याच्या राखणदारांच्या वहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना होता, हे मला पेपर वाचताना सारखं आठवत होतं.

यंदा दिवाळीनंतर मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. तो आता चाळिशीला आला. गोव्यात एका कारखान्यात काम करतो, शनिवारी रात्री घरी येतो, सोमवारी पहाटे जातो. हत्तीचे निरोप गटावर टाकण्याचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं आहे. गोव्यात असला तरी गावातून कोणीतरी त्याला फोन करतं आणि तो सगळ्यांना कळवतो. आई गेली. बाप आहे, ऐंशीच्या घरात. एकतीस माडांच्या जागी त्याने काजू लावली. काजूलाही हत्ती सोडत नाही, पण नुकसान कमी होतं म्हणाला. भरपाई मिळाली, उशिरा मिळाली, झाडागणिक मोजून मिळाली. घराच्या मागे मात्र त्याने परत पाच-सहा माड लावले आहेत. मी विचारलं, "हे कशाला? पुन्हा पाडील ना?" म्हणाला, "पाडलो तर पाडलो. मिया काय माड नाय लावता रवाचा?"

मग मला हाताला धरून खाली व्हाळाकडे घेऊन गेला. चिखलात पाय उठले होते. परातीएवढे. आणि त्यांच्या बाजूने, कधी आत कधी बाहेर, लहान पाय. जेवणाच्या ताटलीएवढे असतील. पिल्लू होतं बरोबर. इतक्या वर्षांत इथल्या खोऱ्यात पिल्लं जन्मली आहेत, काही मोठीही झाली आहेत.

म्हातारा कितीतरी वेळ त्या लहान पायांकडे बघत उभा होता. मग मला म्हणाला, "मास्तरांनू, सगळे म्हणतत, हत्तींका परत धाडा. ह्यो तर हंयच जलमलो. ह्येका परत म्हणजे खंय धाडतले?"

मी इतिहासाचा मास्तर. या वेळी मात्र काही सांगायला गेलो नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची गोष्ट या एका प्रश्नात होती. त्याच्या स्वतःच्या मुलाचा जन्मही पाण्याखाली गेलेल्या गावातला. त्याला कोणी परत जा म्हटलं तर तो तरी कुठे जाईल?

आम्ही वर आलो. त्याने चहा टाकला, या वेळी दुधाचा. पोराने तेवढ्यात गटावर निरोप टाकला, तो माझ्याही मोबाईलवर वाजला. "पिल्लासकट व्हाळाच्या वर गेले. वाट मोकळी आहे."